कंबरदुखीच्या रुग्णांना सरकारी रुग्णालयात ॲक्युपंक्चर मिळू द्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण कंबरदुखीचे असतात. त्यांची फाइल उघडली की एकच वेदनाशामक गोळी पानोपानी दिसते, आणि मधल्या एखाद्या पानापासून तिच्या जोडीला पित्ताची गोळी सुरू झालेली असते. तीन महिन्यांनंतरही ज्यांचे दुखणे हटत नाही, अशा रुग्णांना व्यायामाच्या जोडीने ॲक्युपंक्चरचा, म्हणजे ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराचा, पर्याय सरकारी रुग्णालयात मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

२०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात व्यायाम आणि रुग्णशिक्षणाबरोबर सुईच्या उपचारांचीही सशर्त शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कण्याला ताण देण्याचा उपचार) मात्र नेहमीच्या उपचारात वापरू नका, असे त्यात म्हटले आहे. आपण नेमके तेच वापरत राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

आपले सल्लागार एक आक्षेप नक्की घेतील, आणि तो हलका नाही. २००७ साली जर्मनीतील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला होता. ठरलेले बिंदू सोडून वरवर सुया टोचलेल्या, म्हणजे खोट्या ॲक्युपंक्चरच्या, गटात ४४.२ टक्के, तर औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. म्हणजे अचूक बिंदूला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे या आकड्यांत दिसत नाही. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची २००९ मध्ये केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली, तीही खऱ्या आणि खोट्या सुईत पुरेसा फरक दिसत नाही म्हणूनच. जर्मनीने उलट निर्णय घेतला आणि सार्वजनिक आरोग्य विम्यात हा उपचार आणला. मला जर्मनीचे पटते. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या बाईंना खरी सुई की खोटी, असे कोणी विचारत नसते. सुयांचा उपचार घ्यायचा की त्याच गोळ्या चालू ठेवायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो.

पण मोकळे रान नको. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २०२० पासून घातलेली मर्यादा आपणही घ्यावी: ९० दिवसांत १२ बैठका, फरक पडला तरच आणखी ८, वर्षाला २० पेक्षा जास्त नाहीत, आणि फरक नसेल तर उपचार थांबवायचा. 'अजून थोडे दिवस येत राहा' हे वाक्य रुग्णाला वर्षभर खेळवते. त्याला नियमानेच आळा बसेल.

सुई लावण्याआधीची तपासणी तर सक्तीची हवी. लघवी अडणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणे यांपैकी काही आढळले तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया विभागाकडे पाठवायचे. ताप, कारण नसताना घटलेले वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तर आधी निदान, मग बाकीचे.

उपचार दिसायला साधा आहे. रुग्ण पालथा झोपतो, कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि गुडघ्यामागच्या घडीत केसासारख्या बारीक सुया जातात. आत खोलवर जडपणा किंवा झिणझिणी जाणवते आणि वीस-तीस मिनिटांनी सुया काढतात. पण सुई बरगड्यांच्या भागात चुकीच्या खोलीवर गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे क्वचित घडते, तरी घडलेले आहे. म्हणून शरीररचना शिकलेली, परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्तीच हवी. सुया एकदाच वापरायच्या, रुग्णासमोर पाकीट फोडायचे आणि वापरलेल्या सुया मोजून टोकदार कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या.

सुरुवात मोजक्या रुग्णालयांतून करावी. दर रुग्णाची नोंद पहिल्या दिवशी, सहाव्या बैठकीला आणि सहा महिन्यांनी व्हावी. नुसते 'किती दुखते' विचारू नये. वाकून चप्पल घालता येते का, सलग अर्धा तास बसता येते का, गोळ्या किती कमी झाल्या, हे लिहून घ्यावे. हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत, आणि ते निराशाजनक निघाले तर योजना बंद करण्याची तरतूदही त्याच आदेशात असावी.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट