कांजिण्यांच्या अँटिबॉडीचं किट निवडताना

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

कर्मचाऱ्यांच्या तपासणीसाठी कांजिण्यांच्या आयजीजीचं (आजारानंतर किंवा लशीनंतर रक्तात टिकून राहणाऱ्या अँटिबॉडीचं) एलायझा किट (प्लेटवर रंग आणून अँटिबॉडी दाखवणारी चाचणी) ठरवायचं आहे, असं तू कळवलंस. माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा (अँटिबॉडी असलेल्यांपैकी किती टक्के बरोबर ओळखले, त्याचा) आकडा ठळक छापलेला असेल, पण तू आधी विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती टक्के बरोबर ओळखले) बघ. प्रतिकारशक्ती असलेल्या नर्सला ‘निगेटिव्ह’ म्हटलं, तर लसीचे दोन डोस जादा जातील. नसलेलीला ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं, तर ती केमोथेरपीच्या वॉर्डात निर्धास्त वावरेल आणि लागण झालीच तर पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीच संसर्ग पसरवू लागेल.

म्हणून निगेटिव्ह सीरम (अँटिबॉडी नसलेल्यांच्या रक्तातला द्रवभाग) भरपूर गोळा कर. २० निगेटिव्ह घेतलेस आणि वीसही बरोबर आले, तरी खरी विशिष्टता ८३ टक्क्यांपर्यंत खाली असू शकते. ६० घेतलेस तर ती शंका ९४ टक्क्यांपाशी थांबते. वर्षाच्या पुढच्या, लस न घेतलेल्या आणि कांजिण्या न झालेल्या मुलांचं उरलेलं सीरम इथे फार उपयोगी, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी तोवर सहसा ओसरतात. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र घे. हर्पिस सिम्प्लेक्स (कांजिण्यांच्या विषाणूचा नातलग) पॉझिटिव्ह सीरमही त्यात घाल. दोन्ही विषाणूंची काही प्रथिनं इतकी सारखी आहेत की किट फसू शकतं. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) दिलेले रुग्ण वगळ.

पडताळायचं कशाशी? १९७४ पासून फामा (पेशींवर चिकटलेल्या अँटिबॉडी चमकत्या रंगाने दाखवणारी चाचणी) ही कसोटी मानली जाते, पण तिला विषाणूबाधित जिवंत पेशी आणि सूक्ष्मदर्शकावर मुरलेली नजर लागते. ती जमत नाही म्हणून त्याच धर्तीचं दुसरं एलायझा प्रमाण मानू नकोस. दोन्ही एकाच जागी चुकतील आणि जुळणी मात्र सुरेख दिसेल.

लस घेतलेल्यांचं वेगळं. त्यांच्या अँटिबॉडी आजार होऊन गेलेल्यांपेक्षा कमी असतात आणि बाजारातली बरीच एलायझा त्या ओळखत नाहीत. दोन डोसांची नोंद असेल तर तपासणी करूच नकोस, नोंदीवर भरवसा ठेव.

कटऑफच्या (पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमारेषेच्या) जवळचं एक सीरम निवडून पाच दिवस, रोज पाच वेळा चालव. ठळक पॉझिटिव्हवर किट स्थिर दिसतंच, डळमळतं ते इथे. गोठवलेलं सीरम वितळल्यावर हलक्या हाताने नीट मिसळ, नाहीतर वरच्या पातळ थरातून पिपेट भरलं जाईल आणि खोटं निगेटिव्ह येईल. धुणं अपुरं झालं की उलट, प्लेटवरच्या सगळ्याच विहिरींचा (खळग्यांचा) रंग चढतो. संदिग्ध नमुना दोन विहिरींत पुन्हा लाव. तरी तसाच राहिला तर निगेटिव्ह धर आणि लस दे. गर्भवती असेल तर लस नको, प्रसूतीपर्यंत थांब.

पहिल्या प्लेटचे ओडी (रंगाच्या गडदपणाचे आकडे) आले की कंट्रोलसकट (उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांसकट) पाठव.

तुझा,
विनय