केळीच्या पेटीतली ऊब आणि दहावीचे विज्ञान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीतली माझी नात परवा ओट्यावर बसून घोकत होती, 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाघर.' मी विचारले, हे घर ऊर्जा बनवते कसे? ती म्हणाली, "आजोबा, तेवढं नाही विचारत. एका मार्काचं आहे." विज्ञान शिकवण्यात नोकरी घालवलेल्या मला ते फार लागले.

दुसऱ्या दिवशी तिला गावाजवळच्या केळी पिकवणी केंद्रावर नेले. आत थंडगार हवा. तिथल्या माणसाने पेटीतल्या एका केळात थर्मामीटरचे टोक खुपसले. खोलीत 16 अंश, गरात 18. "सर, माल तापतो. दार उघडून हवा काढावी लागते," तो म्हणाला. नात लगेच म्हणाली, "पण तापवतं कोण?"

घड उतरवला म्हणून केळ मरत नाही. त्याच्या पेशींचे श्वसन चालूच राहते, पिकताना तर कितीतरी पटीने वाढते. केळातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर होते. साखर आधी पेशीद्रवात फुटते, मग तिचे तुकडे तंतुकणिकेत जातात. तिथे त्यांच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे जातात; शेवटी ऑक्सिजन ते घेतो आणि पाणी बनते. या वाटेवर सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात. हतनूर धरणाचे दरवाजे बंद असले की पाणी तटते, तसे ते तिथे तटतात. परतीची त्यांची मुख्य वाट म्हणजे एटीपी सिंथेज हे प्रथिन. प्रोटॉन त्यातून येताना त्याचा एक भाग खरोखर चाकासारखा फिरतो, आणि त्या फिरण्यावर एटीपी, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतो. 'ऊर्जाघर' म्हटले की आमच्या मुलांपुढे दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी उभी राहतात. इथे ज्वाळा नाही, वाफ नाही. जी ऊर्जा एटीपीत बांधली जात नाही ती उष्णता होऊन बाहेर पडते. पेटीतली ऊब तीच.

ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे 2 रेणू हाती लागतात, तंतुकणिकेच्या मदतीने 30 ते 32. निर्यातीचा माल 13-14 अंशांवर ठेवतात तोही हे श्वसन मंद करण्यासाठीच. त्याखाली गेले की साल काळवंडते, हे आमच्याकडे शेतमजुरालाही ठाऊक आहे.

प्रोटॉनची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली. जाणकारांना ती बरीच वर्षे पटेना. 1978 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आणि 1929 मध्ये एटीपी शोधणाऱ्यांत भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे तरी किती मुलांना सांगितले जाते?

रावेर, यावल, सावदा भागातल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. हा धडा येईल त्या आठवड्यात वर्ग पिकवणी केंद्रावर न्या. फक्त दार उघडून आतली हवा बदलल्याशिवाय मुलांना आत सोडू नका, कारण याच श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. ओळखीच्या दोन केंद्रचालकांशी मी बोललो आहे. सकाळी माल भरायच्या आधी अर्धा तास द्यायला ते तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. यावल, जि. जळगाव