बाळ्यास पत्र

सातारा, गुरुवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर एक फोन नाही माझा. शिव्या घालून घे आणि पुढं वाच. तब्येती बऱ्या, आईचे गुडघे आहेत तसेच.

पिकअपनं पिडलंय रे. टाकीतला पेट्रोलपंप गेला, म्हणून फ्लोटसकट (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग) अख्खा नवा घातला. मीच. दोन दिवस झकास. मग मार्केट यार्डात आलं उतरवून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी गुदमरली, आणि टाकी फुल असून पेट्रोलचा काटा नाचतोय. दुकानात जाऊन "डुप्लिकेट माल देतोस" म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. त्यानं निमूट बदलून दिला. दुसऱ्यालाही तेच!

काल रात्री चावी फिरवली तेव्हा दिसलं. पंप दोन सेकंद घरघरतो तेवढ्यात काटा हलतो, पंप थांबला की जाग्यावर. पंप आणि फ्लोट, दोघांची अर्थिंग (बॅटरीच्या मायनसला जाणारी परतीची वाट) एकच वायर! मीटर काढला (हो, तुझाच, २०१४ पासून चोर आहे मी). गाडी चालू ठेवून पंपाच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, २.४ व्होल्ट. पाव व्होल्टही नको तिथं. तेवढे पंपाला मिळतच नव्हते, चढाला प्रेशर कुठनं येणार?

आणि कारण? टाकी उतरवलीच आहे तर चेसिसला काळा रंग मारून घेतला होता शहाण्यानं, आणि अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची कडी) त्या रंगावरच आवळला, मग करंट जाणार कुठनं? पॉलिश पेपरनं रंग घासला, मीटर ०.१ व्होल्टवर आला.

तू हसणार. ट्रॅक्टरचा सेल्फ (स्टार्टर) बिघडला तेव्हाही तू "आधी अर्थिंग बघ" म्हणालास, मी सेल्फ भरून आणला, आणि वर आठ दिवस तुझ्याशीच अबोला धरला.

अजून फुल टाकीला काटा पाऊणच्या वर जात नाही. घुसवताना फ्लोटचा दांडा वाकला असणार, नाहीतर टाकीच्या भिंतीला अडतोय. कनेक्टर काढून फ्लोटचे ओहम मोजलेत, जुन्या फ्लोटच्या फुलशी जुळत नाहीत. टाकी परत उतरवू? का काटा तसाच चालवून घेऊ?

पण खरी पंचाईत दुकानाची आहे. त्यानं दुसऱ्या पंपाचे पैसे घेतले नाहीत, आणि पहिला चांगला पंप भंगारात टाकला असेल. उद्या जायचंय. काय तोंडानं सांगू? तू असतास तर बाहेर स्कूटरवर बसून दात काढले असतेस, तरी बरं वाटलं असतं.

तुझी बदली झाली का? पोरगी चालायला लागली असेल, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा

ता.क. मीटरला नवीन सेल घातलाय. परत मागू नकोस.