घासाघीस फक्त कोल्हापुरीच्याच दुकानात का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातवाला शोरूममधून स्पोर्ट्स शूज घेतले. 4200 रुपये. स्टिकरवरची किंमत पाहिली आणि कार्ड पुढे केलं. 2500 च्या वरच्या जोडावर 18 टक्के जीएसटी असतो, म्हणजे त्यातले सुमारे 640 रुपये नुसता कर. तोही मुकाट्याने भरला.

पुढच्या रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले. येताना तिथल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनला, कापशी पद्धतीची कोल्हापुरी चप्पल घेतली. दुकानात शिवणारे काका स्वतःच बसले होते. त्यांनी 1200 सांगितले, मी 800 पासून सुरुवात केली आणि 900 ला जोड घेऊन निघाले. तेव्हा बरं वाटलं होतं. घरी येऊन चप्पल उलटीपालटी करून पाहिली आणि मन खाऊ लागलं.

एक खिळा नाही. सगळी शिलाई चामड्याच्या वादीची, पट्ट्यावर हाताने विणलेली वेणी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं. माझ्या वडिलांचं असंच पायताण नऊ वर्षं टिकलं. पावसाळा आला की ते तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. बाजूची पट्टी, म्हणजे कान, उसवला तर शिवून आणायचे. नातवाच्या आधीच्या बुटांचा तळ अकराव्या महिन्यात सुटला, ते टाकूनच द्यावे लागले.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव न घेतल्याबद्दल आपण सगळे चिडलो. मीही आल्यागेल्याला ऐकवत होते, की 2019 पासून या चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण दुकानात गेल्यावर त्याच चपलेचे 300 रुपये मीच कापले. काकांचे त्या जोडामागे किती दिवस गेले, हे विचारलंसुद्धा नाही.

वाईट याचंही वाटतं, की एस.टी. स्टँडबाहेर रेक्झिनच्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून 300 ला मिळतात आणि गिऱ्हाईक तोच भाव घेऊन चप्पल लाईनला येतं. जोडावर कातडं कोणतं, शिवली कोणत्या गावात, एवढं तरी लिहिणं सक्तीचं करावं. हाताने शिवलेल्या चपलेवर छापील किंमत असावी, म्हणजे माझ्यासारख्यांची जीभ तिथे आवरेल.

दिवाळीआधी ह्यांच्यासाठी जोड घ्यायचा आहे. त्याच काकांकडे जाणार आहे, मागचे 300 बरोबर घेऊन.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज