सपाट काचेवर पाच कुठे आहे?

संपादक महोदय,

दुकानातल्या स्वाइप मशीनवर बटणे असली की मधल्या पाचावर एक बारीक उंचवटा असतो. तो बोटाला लागला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा, हे न बघता कळते. या एवढ्याशा ठिपक्याच्या आधारावर दृष्टिहीन ग्राहक आपला पिन आपणच टाकतात. आता बटणे जाऊन सपाट काच येऊ लागली आहे, आणि पिन दुकानदाराला तोंडी सांगायची पाळी त्यांच्यावर येते. यावर तोडगा म्हणून ‘स्पर्श-प्रतिसाद देणारा पडदा’ असे माहितीपत्रकात छापले जाते. एवढ्यावर समाधान मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बटण दाबले गेले हे कळवणे वेगळे, बटण कुठे आहे हे कळवणे वेगळे. कंपनाची मोटर पहिलेच काम करते, कारण ती अख्खे यंत्र हलवते. दुसऱ्या कामासाठी बोटाखालची तेवढीच जागा हलायला हवी. विजेने आकार बदलणाऱ्या पॉलिमर फिल्मकडून ते करून घेता येते, पण ती फिल्म कुठे आणि कशी बसवली यावर सगळे अवलंबून आहे.

यातली सर्वांत जुनी आणि सहज मिळणारी फिल्म पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड) या प्लॅस्टिकची. तिचा हा गुण जपानमध्ये हेइजी कवाई यांनी १९६९ साली दाखवला. २८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या फिल्मला १०० व्होल्ट दिले, तर दहा सेंटिमीटर लांबीमागे ती जेमतेम ८ मायक्रॉन लांबते. आपल्या बोटाला २०० ते ३०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास एका मायक्रॉनहून कमी हालचालही जाणवते, तेव्हा हे आकडे निराशाजनक नाहीत. घोळ होतो तो हीच फिल्म ०.७ मिलिमीटर काचेच्या पाठीला चिकटवल्यावर. ताणाला काच त्या फिल्मच्या सुमारे नऊशे पट ताठ असते. फिल्म बिचारी जोर लावते, काच ढिम्म हलत नाही.

म्हणून फिल्म काचेला नव्हे, तर ०.१२५ मिलिमीटरच्या पॉलिस्टर शीटला चिकटवावी. वाकायला ती काचेपेक्षा तीन हजार पट सोपी. शीटखाली १२ मिलिमीटर व्यासाची भोके असलेली चौकट ठेवावी, प्रत्येक भोकावर स्वतंत्र इलेक्ट्रोड, म्हणजे फिल्मला वीज देणारा वाहक थर, द्यावा. इलेक्ट्रोड भोकभर पसरू नये. कडा पक्क्या धरलेल्या असल्याने पूर्ण झाकलेला भाग वाकतच नाही. मधला दोन तृतीयांश व्यास पुरे. खाली अर्धा मिलिमीटर पोकळी हवी, नाहीतर हलक्या बोटानेही शीट तळाला टेकते आणि कंपन मरते. चिकटवायला फोमची दुहेरी टेप वापरली, तर सगळी हालचाल टेपच गिळते. पातळ थराचा, वाळून कडक होणारा इपॉक्सी गोंदच हवा.

इथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पिन टाकण्याच्या जागी हलते चित्र लागतच नाही. तेव्हा फिल्म पारदर्शक असावी, पडद्यावरच असावी, हा हट्ट सोडावा. पडद्याबाहेर, त्याच्या खालच्या बाजूच्या पट्टीत बारा ठिकाणे केली, की पारदर्शक इलेक्ट्रोडला तडे जाणे आणि त्याच इलेक्ट्रोडमुळे टचस्क्रीनला बोट न ओळखता येणे, ही दोन्ही दुखणी टळतात.

कापतानाची चूक तर फार सर्रास होते. पीव्हीडीएफ फिल्म कारखान्यात एका दिशेने ताणलेली असते आणि तिचा जोर त्याच दिशेला असतो. पट्टी आडवी कापली, की परिणाम कित्येक पटींनी घटतो, आणि दोष मात्र सर्किटला दिला जातो. तारा थेट सोल्डर करू नयेत, फिल्म वितळते. चांदीचे इपॉक्सी किंवा वाहक टेप वापरावी. ८० अंशांच्या पुढे फिल्मचा गुण उतरू लागतो, म्हणून उन्हात उभ्या तिकीट यंत्रात ती बसवण्याआधी आतले तापमान मोजावे.

टरपॉलिमर (तीन घटक रेणू जोडून केलेले पॉलिमर) नावाच्या नव्या फिल्मा याहून बऱ्याच जास्त ताणल्या जातात, पण त्यांचे गणित निराळे आहे. त्यांची हालचाल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धन-ऋण असे २५० हर्ट्झचे व्होल्टेज दिले, तर फिल्म ५०० हर्ट्झने थरथरते आणि बोटाला ते फिके लागते. १२५ हर्ट्झ द्यावेत, किंवा खाली स्थिर व्होल्टेज ठेवून त्यावर २५० हर्ट्झ चढवावेत. ५ मायक्रॉनचा, ४० बाय ६० मिलिमीटरचा एकच थर विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत (कपॅसिटन्समध्ये) सुमारे ०.२ मायक्रोफॅरड भरतो. असे पाच थर लावले की तो भार न पेलून फिल्मला वीज देणाऱ्या लहान सर्किटचे (ड्रायव्हरचे) व्होल्टेज खाली घसरते. प्रयोगशाळेत स्वतः फिल्म ओतणाऱ्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात जपावे. डीएमएफ या द्रावकात विरघळवलेले पॉलिमर दमट हवेत ओतले, की ते पाणी ओढते आणि फिल्म दुधाळ, सच्छिद्र होते. तीच पुढे व्होल्टेज दिल्यावर फुटते.

यंत्रे खरेदी करणाऱ्या बँका आणि परिवहन संस्थांनी निविदेत नुसते ‘स्पर्श-प्रतिसाद’ लिहू नये. बोट ठेवलेले असताना किती मायक्रॉन हालचाल होते, शेजारच्या ठिकाणी त्यातली किती पोचते, स्पर्शापासून कंपनापर्यंत किती मिलिसेकंद जातात, वरच्या थराचे विद्युतरोधन किती व्होल्ट सोसते, हे मोजून मागावे. मोकळ्या फिल्मचा आकडा मान्य करू नये. आणि दृष्टिहीन माणसांनी स्वतःच्या बोटाने पाच शोधून दाखवेपर्यंत ठिपक्याची बटणे यंत्रावरून काढू नयेत.

आपले,
स्पर्श-यंत्रणांवर काम करणारे काही अभियंते, पुणे