मेबेलचा अंगठा

किंग्सपोर्ट, टेनेसी
रविवार दुपार

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बँडबद्दल विचारलं, तर तू म्हणालीस की लीड, म्हणजे गाण्याची चाल, गिटारवर तो मुलगा वाजवतो, मी मागे रिदम, म्हणजे कॉर्डचा ताल, धरते. आवाज जरा पडलेला होता. तेव्हा बाबा जेवायला खोळंबले होते म्हणून विषय वाढवला नाही. आता निवांत बसून लिहिते.

काल आम्ही पुन्हा कार्टर फोल्डला, त्या जुन्या डोंगरी गाण्यांच्या शनिवारच्या मैफलीला, जाऊन आलो. तू शाळेत असताना आमच्याबरोबर यायला लाजायचीस, "हे म्हाताऱ्यांचं संगीत आहे" म्हणायचीस, ते आठवतंय मला. असो. कालच्या मंडळींनी 'वाइल्डवुड फ्लॉवर' वाजवलं आणि मला तुझी रिदम आठवली. कारण हे गाणं ज्या बाईच्या गिटारमुळे जगभर गेलं, तिने लीड आणि रिदम अशी वाटणी कधी केलीच नाही.

मेबेल कार्टर. माहेरची ॲडिंग्टन, जन्म 1909चा, इथून जवळच व्हर्जिनियाच्या डोंगरातला. 1926 मध्ये एझ्रा कार्टरशी लग्न झालं. एझ्राचा थोरला भाऊ ए. पी. आणि त्याची बायको सारा. सारा आणि मेबेल नात्याने बहिणी आणि लग्नानंतर जावाजावा. दुसऱ्या वर्षी थोरल्या दिरांनी ठरवलं, ब्रिस्टलला रेकॉर्ड काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीचा माणूस आलाय, आपण गाऊन येऊ. एझ्रा कुरकुरला, कारण मेबेल पोटुशी होती आणि दिवस भरत आले होते. सांगतात की ए. पी.ने त्याच्या मक्याच्या शेतातलं तण काढून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्याची गाडी मिळाली. 1 आणि 2 ऑगस्ट 1927 या दोन दिवसांत, टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत, त्यांनी सहा गाणी रेकॉर्ड केली. मेबेल अठरा वर्षांची. सप्टेंबरात हेलन जन्मली.

आता नीट वाच, हे तुझ्या कामाचं आहे. तिघांत व्हायोलिन नाही, बँजो नाही. सारा गायची आणि ऑटोहार्प (बटणं दाबून कॉर्ड वाजवायचं तंतुवाद्य) धरायची, ए. पी. मनात आलं तर मध्येच सूर लावायचा. दोन कडव्यांच्या मधे चाल वाजवायला कोणीच नाही. मग मेबेलने ती अंगठ्यावर घेतली. अंगठ्यात पिक (तार छेडायची नखी), त्याने खालच्या सुरांच्या जाड तारांवर गाण्याची चाल, आणि त्याच वेळी तर्जनीने बारीक तारांवरून झटका मारत कॉर्ड. पोळी लाटता लाटता तव्यावरची उलटायची आणि दोन्हींचा ताल सुटू द्यायचा नाही, तसं. त्या काळात गिटार म्हणजे मागे झमझम करणारं वाद्य होतं. ते पुढे आलं त्यात हिच्या अंगठ्याचा वाटा मोठा. 'वाइल्डवुड फ्लॉवर' त्यांनी मे 1928 मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डनला रेकॉर्ड केलं. ते हेडफोन लावून ऐक आणि फक्त अंगठ्याच्या मागे जा. गाण्याचे शब्द सोडून दे, ते तसेही धड कोणाला लागत नाहीत.

रेकॉर्डचे पैसे आल्यावर तिने गिब्सनची एल-फाइव्ह घेतली, 275 डॉलरची. तेव्हा ही केवढी रक्कम! नवरा रेल्वेच्या टपालात कारकून. पुढे जन्मभर तीच गिटार तिच्या हातात राहिली. आता ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

लेस्ली रिडलचं नाव मात्र तू ऐकलं नसशील, आणि तो तर आपल्याच गावात वाढला. कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा पाय गेला, बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटं गेली. ए. पी. गाणी गोळा करायला डोंगरातून हिंडायचा तेव्हा हा बरोबर असायचा. ए. पी. शब्द टिपायचा आणि हा चाल डोक्यात साठवून आणायचा. अंगठ्याची रीत मेबेलची आधीचीच, पण बोटांनी वाजवायचे आणखी काही प्रकार तिने त्याच्याकडे बघून उचलले. ती पुढे हे सांगायचीही. पण गाण्यांचे हक्क ए. पी.च्या नावावर लागले आणि रिडलच्या हाती फारसं काही पडलं नाही. मला हे खटकतं. मेबेलचा मान ठेवायचा तर त्याचं नाव गाळून चालणार नाही.

1943 मध्ये मूळचे तिघं वेगळे झाले. मग हिने तीन मुलींना घेऊन स्वतःचा संच काढला: हेलन, जून आणि अनिता. (गायक जॉनी कॅशची बायको ती ही मधली जून.) 1949 मध्ये त्यांच्याबरोबर एक तरुण गिटारवाला आला, चेट ॲटकिन्स. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीने, म्हणजे रेडिओवरच्या त्या मोठ्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाने, बोलावलं, पण चेट नको म्हणाले. कार्टरांनी कळवलं, तो नसेल तर आम्हीही नाही. अखेर 1950 मध्ये त्याच्यासकट गेले. चेट पुढे केवढा झाला ते तुला ठाऊक आहे.

आणि तरीही 1960च्या आसपास, गाण्याचे दिवस पडते होते तेव्हा, ही बाई रात्रपाळीला म्हाताऱ्या आजाऱ्यांच्या उशाशी बसायची. पगारावर. ऑप्रीत नाव आहे म्हणून तिने हे काम कमी मानलं नाही. मग फोकवाल्या पोरांनी तिला शोधलं, 1967 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती साराबरोबर पुन्हा मंचावर गेली, 1970 मध्ये कार्टर फॅमिली हॉल ऑफ फेममध्ये आली. 1978च्या ऑक्टोबरात ती गेली.

तुझ्या त्या लीडवाल्याशी भांडू नकोस. एक प्लास्टिकचं थंब पिक आण, सी कॉर्ड धर आणि आठवडाभर फक्त जाड तारांवर चाल काढ. तर्जनी आपोआप मागून येईल असं कालचे आजोबा म्हणत होते. ते ऐंशीच्या पुढचे असतील, आणि त्यांची तर्जनी खरंच येत होती.

थँक्सगिव्हिंगला येशील ते शनिवार धरून ये. फोल्डवर विजेची वाद्यं चालत नाहीत, दारू तर नाहीच, आणि मंचापुढे लोक बुटांना लोखंडी टाचा लावून नाचतात. बाबांनी काल तसल्या बुटांची किंमत विचारून ठेवली आहे. त्यांना आवरायला तरी ये.

तुझी,
आई