फ्रेंच स्वरांसाठी इंग्रजीचा वळसा कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत फ्रेंच स्वरांच्या उच्चारांविषयी आलेले टिपण वाचले. अकरावीला फ्रेंच घेणारी मुले मुंबईत पुष्कळ असल्याने विषयाची निवड उचितच होती; परंतु त्यातील सूचना मुळात इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठीच्या असून त्या मराठी मुलांपुढे जशाच्या तशा ठेवल्या आहेत. हा विषय मी दीर्घकाळ शिकवत असल्याने त्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते.

इंग्रजी माणसाची मोठी अडचण अशी की त्याचे ‘ए’ आणि ‘ओ’ स्थिर राहत नाहीत. ‘डे’ म्हणताना त्याची जीभ शेवटी ‘इ’कडे सरकते आणि ‘गो’ म्हणताना ओठ ‘उ’कडे मिटत जातात, म्हणून फ्रेंच ‘काफे’ किंवा ‘मेत्रो’ म्हणताना स्वर अखेरपर्यंत तसाच धरून ठेवा, असे त्याला पुन्हा पुन्हा बजावावे लागते. आपल्या ‘देव’ आणि ‘गोड’ या शब्दांतील स्वर मुळातच स्थिर आहेत, आणि मुंबईची बहुतेक मुले इंग्रजीही याच स्वरांनी बोलतात. त्यांना ही ताकीद दिली की ती उगाच बुचकळ्यात पडतात आणि बरोबर असलेला उच्चार बिघडवून घेतात.

आपल्या अडचणी वेगळ्याच आहेत. ‘तू’ याच अर्थाच्या फ्रेंच सर्वनामातला स्वर देवनागरीत नाही. टिपणात सुचवल्याप्रमाणे तो इंग्रजी ‘फ्यू’सारखा मानला तर मुले आधी ‘य’ आणि मग ‘ऊ’ म्हणतात. आपल्या ‘तू’सारखा म्हटला तर ‘सगळे’ या अर्थाचा दुसराच शब्द ऐकणाऱ्याच्या कानी पडतो. उपाय सोपा आहे. ‘ई’ म्हणत राहावे, जीभ जागची हलू देऊ नये आणि केवळ ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल करावेत. याच रीतीने ‘ए’ म्हणता म्हणता ओठ ‘ओ’सारखे केले की ‘दोन’ या संख्येच्या फ्रेंच शब्दातला स्वर मिळतो. आरशासमोर केल्यास हे लवकर साधते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट टिपणात आलेलीच नाही. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा ‘स’ लिहिला जातो, पण तो बहुधा उच्चारला जात नाही. त्यामुळे पुस्तक एक की अनेक, हे ऐकणाऱ्याला नामाआधीच्या उपपदातील (इंग्रजी ‘द’सारख्या शब्दातील) स्वरावरूनच कळते. एकवचनात तो आपल्या ‘अ’च्या जवळचा, ओठ किंचित गोल करून म्हटलेला असतो, तर अनेकवचनात तो स्पष्ट ‘ए’ असतो: ‘ल लिव्र’ म्हणजे एक पुस्तक आणि ‘ले लिव्र’ म्हणजे अनेक पुस्तके. आपली मुले रोमन अक्षर पाहून दोन्हीकडे ‘ए’च म्हणतात आणि त्यांच्या तोंडी सारे जगच अनेकवचनी होऊन जाते. मराठीच्या ‘ए’हून अधिक उघडा असा आणखी एक ‘ए’ फ्रेंचमध्ये आहे खरा, पण शब्दाच्या शेवटी तो भेद खुद्द फ्रान्समध्येही सर्वत्र पाळला जात नाही, तेव्हा आरंभी त्यावर वेळ घालवू नये.

अनुनासिक, म्हणजे नाकातून उच्चारल्या जाणाऱ्या, स्वरांबाबत मात्र मराठी लेखनच आड येते. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे ‘गंध’मध्ये ‘न्’ होतो आणि ‘आंबा’मध्ये ‘म्’. म्हणून ‘चांगला’ या अर्थाचे फ्रेंच विशेषण ‘बाँ’ किंवा ‘बों’ असे छापले की वाचक नकळत एखादे व्यंजन जोडतो. या विशेषणाच्या पुल्लिंगी रूपात जीभ टाळूला लागताच कामा नये, कारण ती लागली आणि ‘न’ ऐकू आला की जवळजवळ स्त्रीलिंगी रूप ऐकल्यासारखे होते. हे समजावताना मी इंग्रजीकडे जात नाही. हिंदीतले ‘हाँ’ आणि ‘माँ’ या शहरात सर्वांच्याच कानांवर असते, आणि ज्या घरात मालवणी बोलली जाते त्या घरातल्या मुलाला ‘खंय’ म्हणायला सांगितले की पुरते. पुस्तकांत असे चार स्वर दिलेले असतात. पॅरिसमध्ये आज बहुतेकांच्या बोलण्यात तीनच उरले आहेत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

आपल्या बातम्यांमध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांचे आडनाव ‘मॅक्रॉन’ असे छापले जाते, त्यातील दोन्ही स्वर इंग्रजीतून आलेले आहेत. पहिला आपल्या ‘आ’च्या जवळचा असून दुसरा अनुनासिक आहे व त्यानंतर ‘न’ नाही. बातमीच्या घाईत हे चालून जाईल. शिकवण्यासाठी छापलेल्या मजकुरात चालू नये. पुढील टिपण देवनागरीच्या आधाराने लिहून घ्यावे, जिथे देवनागरी अपुरी पडते तिथे जीभ आणि ओठ यांची स्थिती शब्दांत द्यावी आणि सोबत ध्वनिमुद्रणाचा क्यूआर कोड छापावा, ही विनंती.

आपली,
फ्रेंचची एक शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई